हातावरचं लिंबू

"मग माझा पट्टा मला परत कधी मिळणार, वस्ताद?"

रणधीरनं हे विचारलं तेव्हा ज्योतीराम वस्ताद जुन्या राजवाड्यातल्या शस्त्रसंग्रहालयाच्या दारात चपला काढत होते. तिथं चपला काढाव्या लागत नाहीत. पण हत्यारं ठेवलेल्या जागेत वस्ताद चपला घालून जात नाहीत.

"आधी बघून घिऊ," वस्ताद म्हणाले.

ही हकीकत रणधीर स्वतःच सांगतो, म्हणून मी ती खरी धरतो. एरवी स्वतःची फजिती सांगायची त्याची रीत नाही.

झालं होतं असं. आमच्या तालमीत दांडपट्ट्याचा खेळ चालतो. त्यात लोकांना सगळ्यात आवडतं ते लिंबू कापणं. एक गडी जमिनीवर बसून हात पुढं करतो आणि उघड्या तळव्यावर लिंबू धरतो. पट्टेकरी पट्टा फिरवत येतो आणि लिंबाची दोन भकलं करतो. तळव्यावर ओरखडाही उठत नाही. उठता कामा नये.

गणपतीच्या मिरवणुकीत इलाई मुजावर लिंबू धरून बसला होता आणि पट्टा रणधीरच्या हातात होता. आमच्यात रणधीरच सगळ्यात देखणा खेळतो. त्याच्या तोंडावर हे कबूल करायला मला जड जातं, पण खरं ते खरं. त्या दिवशी गर्दी मायंदाळ. माणसं शिट्ट्या मारत होती, मोबाईल वर धरून उभी होती. मग काय, गडी चेकाळला. लिंबाभोवती फेऱ्यांवर फेरे घेऊ लागला. पट्टा खाली आणायचा, लोकांनी श्वास रोखला की पुन्हा उचलायचा. हलगीवाल्याचे हात भरून आले. शेवटी एकदाचा वार केला. लिंबू कापलं, आणि इलाईचा तळवाही कापला.

इलाई शिंपीकाम करतो. उजव्या तळव्याला टाके पडले, कात्री धरणं बंद झालं.

"त्यानं हात हलवला," रणधीर म्हणाला. त्या दिवशी तेच, नंतरही तेच. इलाईच्या घरी मात्र तो फिरकला नाही.

वस्तादांनी त्याचा पट्टा तालमीतल्या पेटीत टाकला आणि कुलूप लावलं. दसरा तोंडावर आला तरी पेटी उघडेना. सगळं गाव मैदानात जमणार आणि आपण बाजूला हात बांधून उभे राहणार, हे रणधीरला सोसत नव्हतं. त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. वस्ताद "चल, हत्यारं बघून येऊ" म्हणाले, तेव्हा त्याला वाटलं, म्हाताऱ्याचा राग उतरला.

दारातच वस्तादांनी खिशातून एक लिंबू काढलं.

"आत खायला परवानगी नाही," पहारेकरी म्हणाला.

"खायचं न्हाई," वस्ताद म्हणाले आणि ते लिंबू त्यांनी रणधीरच्या उजव्या तळव्यावर ठेवलं. "हात पुढं धर. समदं बघून हुईस्तवर असाच ऱ्हाऊ दे."

"हे कशाला, वस्ताद?"

"धर की."

रणधीरनं धरलं. त्यात काय एवढं, असं त्याला वाटलं.

पहिल्या दालनात तलवारी होत्या. रणधीर पुढं पुढं चालत डाव्या हातानं दाखवू लागला. ही सरळ पात्याची, ही वाकडी. ही घोड्यावरून मारायची. ही नुसती दरबारात मिरवायची. वस्ताद मान डोलवत होते. सहलीला आलेली दोन पोरं लिंबाकडं बघून हसली. रणधीरनं त्यांच्याकडं दुर्लक्ष केलं.

पुढच्या दालनात ढाली, शिरस्त्राणं, दंडावर बांधायचे लोखंडी पत्रे. तिथल्या एका चिलखतापाशी वस्ताद बराच वेळ थांबले. बारीक लोखंडी कड्यांची जाळी आणि आतून जाड कापडाचं अस्तर. मानेपाशी अस्तर काळं पडलं होतं.

"घाम हाय," वस्ताद म्हणाले.

"भीतीचा असेल," रणधीर हसला. "कसलेला गडी हे ओझं कशाला घालतोय?"

वस्ताद पुढच्या दालनाकडं निघाले.

रणधीरचा खांदा आता दुखत होता. त्यानं कोपर जरा पोटाशी घेतलं. वस्तादांनी एका बोटानं ते पुन्हा पुढं ढकललं.

शेवटच्या दालनात, काचेच्या कपाटात, एक जुना पट्टा आडवा ठेवला होता. तो दिसल्यावर रणधीर सगळं दुखणं विसरला.

"मूठ बघा, वस्ताद. कोपरापर्यंत लोखंड. हात सगळा आत. समोरच्याचा वार बसला तरी पट्टेकऱ्याला काही होत नाही."

"सोय चांगली केलीया."

"तर काय."

"समदं बघितलंस?"

"बघितलं."

"मग लिंबू धरणाऱ्यानं हाताला काय घालायचं, तेवढं दाखीव."

रणधीरनं आजूबाजूला पाहिलं. मागच्या दालनात डोक्याला होतं, छातीला होतं, दंडाला होतं, घोड्याच्या कपाळालासुद्धा होतं.

"तसलं काही नसतं, वस्ताद. तळवा उघडाच लागतो."

"व्हय..."

दोघं काचेसमोर तसेच उभे राहिले. वस्ताद पट्टा बघत होते. बघतच होते. रणधीरच्या मनगटाला कंप सुटला. त्यानं दात आवळले, श्वास धरला. लिंबू तळव्यावरून घरंगळलं आणि कपाटाखाली गेलं.

वस्ताद गुडघ्यावर हात ठेवून सावकाश वाकले आणि ते काढून आणलं.

"हात हलला," ते म्हणाले.

"इतका वेळ धरल्यावर कुणाचाही हलेल."

रणधीर बोलून गेला. मग त्याचं त्यालाच ते ऐकू आलं, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

वस्तादांनी लिंबू खिशात टाकलं, कनवटीची किल्ली काढली आणि त्याच तळव्यावर ठेवली.

"पेटीतला पट्टा काढ."

रणधीरला भरून आलं. तो पाया पडायला वाकला. "दसऱ्याला बघाच, वस्ताद, असा खेळतो..."

"काढ, आन् इलाईच्या घरी नेऊन दे."

"इलाईच्या?"

"दसऱ्याला लिंबू त्यो कापंल."

"आणि धरणार कोण?"

"तू."

रणधीर किल्लीकडं बघत राहिला.

"पण त्याच्या उजव्या हाताला टाके आहेत."

"डाव्यानं कापंल."

"डाव्या हातानं त्यानं पट्टा कधी धरलेलाच नाही, वस्ताद..."

बोलत बोलत वस्ताद बाहेरच्या दाराशी पोचले होते. त्यांनी एका हातानं भिंत धरून चपला पायात सरकवल्या.

"तू हात हलवू नगंस, म्हंजे झालं."