बोटाएवढी अक्षरं

“माणूस शेवटी काय वाचत होता, हे कुणाला विचारायचं असतं, आप्पा?”

टेकडीवरच्या मठात आप्पा समईच्या वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. करून उपयोगही नव्हता. दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता.

“बस, बिरू. खालच्या पायरीपासून ऐकतोय तुला. चप्पल तुटलीय तुझी.”

बिरू बसला नाही.

थोरला भाऊ मायाप्पा जपानला कारखान्यात कामाला गेला होता. तिथंच काम करता करता कोसळला. आधी त्याची शवपेटी आली, मग बॅग. बॅगेत दोन स्वेटर आणि पाटीसारखं एक काळं यंत्र. पुस्तकं वाचायचं.

फोनवर बिरू नेहमी विचारायचा, “त्यात काय वाचतोस रे दादा एवढं?”

दादा हसायचा. “शीक वाचायला, मग सांगतो.”

ते सांगायचं राहून गेलं.

“जतच्या मोबाईलवाल्याकडं नेलं होतं,” बिरू म्हणाला. “तो म्हणतो, हे तिकडं घेतलेलं. तिकडच्याच खात्याला बांधलंय. इथं चालवायचं तर आतलं सगळं पुसून नवीन खातं लावायचं. नाहीतर दादाचा पासवर्ड आण.”

“मग?”

“पासवर्ड कुठनं आणू? दादाला विचारू?”

आप्पा वात वळत राहिले.

“बॅटरी कधीच संपलीय. तरी एक पान दिसतंय वर. या यंत्राचं तसंच असतं म्हणे, शेवटचं पान तसंच राहतं. पण वीज दिली की ते जागं होणार, पासवर्ड मागणार, आणि हे पान जाणार.”

“त्या पानावर काय आहे?”

“मोबाईलवाला वाचायला लागला होता. मी हिसकावून घेतलं.”

“का?”

“माझ्या आधी त्यानं का वाचायचं? त्याचा कोण लागत होता दादा?”

“मग तू वाच.”

“मला कुठं येतंय? दुसरीतनं काढून शेळ्यांमागं लावलं मला. म्हणून तर तुमच्याकडं आणलं. तुम्ही वाचा.”

आप्पांनी पांढरे डोळे त्याच्याकडं वळवले.

बिरू ओशाळला. खाली बसला. सुतकापासून नीट झोप नव्हती, काही ध्यानात राहत नव्हतं. बसल्यावर कळलं, पाय किती दुखत होते ते.

“आण इकडं,” आप्पा म्हणाले.

त्यांनी यंत्र मांडीवर घेतलं. काचेवरनं हलकेच बोटं फिरवली.

“हाताला तर काही लागत नाही... अक्षरं केवढी आहेत?”

“मोठी. बोटाएवढी. पान भरून तीनच ओळी. मोबाईलवाला हसला पण. म्हणाला, यात अक्षरं हवी तशी लहानमोठी करता येतात, ही कुणीतरी मुद्दाम एवढी केलीत. म्हातारा होता का म्हणे तुझा भाऊ?”

“मायाप्पाला चष्मा लागला होता?”

“दादाला? पलीकडच्या माळावरचं करडू कुणाचं, ते इथनं सांगायचा.”

आप्पांचा हात थांबला.

“मग एवढी मोठी...”

त्यांनी पुन्हा एकदा काचेवरनं बोट फिरवलं.

खाली रस्त्यानं एसटी गेली, तिची धूळ वर आली आणि बसली. त्याला दादाचा शेवटचा फोन आठवला. दिवाळीला येतोय, तुला एक वस्तू आणतोय. काय आणतोस? आल्यावर बघ.

त्यानं यंत्र परत ओढून घेतलं.

“ही एसटी कुठली गेली?” आप्पांनी विचारलं.

“सांगोल्याची.”

“कसं कळलं?”

“पाटी होती की.”

“वाचलीस?”

“वाचली नाही. ओळखली.”

“तसंच हे. ओळख.”

बिरूनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. बराच वेळ ते बोट तिथंच राहिलं.

“ध... न... ग... रा... ची.” त्यानं श्वास घेतला. “धनगराची. एक... शे... ळी. शेळी. ह... र... व... ली.”

तो थांबला. तोंड फिरवून बाहीनं नाक पुसलं.

“दादानं शेळीची गोष्ट घेतलीय, आप्पा.”

“हं.”

“तो तिला... शो... ध... त... ओ... ओढ्या... पर्यंत... गेला.” बोट शेवटच्या ओळीवर आलं. “ओढ्यात...”

पान संपलं होतं.

“ओढ्यात काय? पाणी होतं का? शेळी बुडाली का, आप्पा?”

आप्पा वाती चाचपत होते.

“सांगा की. पुढचं पान तर उघडत नाही. आता काय करायचं मी?”

आप्पांनी राहिलेली वात उचलली, आणि बोटांत धरून ठेवली.

“नीट ऐकू आलं नाही,” ते म्हणाले. “पुन्हा वाच.”