वाळूवरची लाल रोपं

“मग निळं का येत नाही, बुवा?”

हमीरने मोबाइल पुढे धरला. त्यातल्या खेळात त्याचं एक बेट होतं, बेटावर गुलाबांची बाग. दोन रोपं जवळजवळ लावायची, संध्याकाळी पाणी घालायचं. सकाळी मधल्या जागेत तिसरं उगवतं. केशरी, जांभळा, अगदी काळासुद्धा रंग त्याने असाच जमवला होता. निळ्याने मात्र दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं.

मठाच्या ओसरीवर दुपार पेंगत होती. अवधूतबुवांनी चष्मा नाकावर चढवला. खेळातल्या समुद्राची गाज हळूहळू ओसरीभर पसरली, आणि इथेही जवळच कुठेतरी पाणी असावं असं हमीरला उगाच वाटून गेलं.

“एवढा काय जीव टाकतोस त्या निळ्यावर?”

“माझ्या हातून काहीतरी व्हायला नको?” हमीर उसळला. “बाबांचा गळा तुम्ही ऐकलाय. त्यातलं काडीचंही माझ्याकडे आलं नाही. बाबांनीच सांगितलं तसं. तंबोरा काढून घेतला माझ्या हातातून...”

बोलून गेल्याची त्याची त्यालाच लाज वाटली.

बुवा एका बोटाने बाग सरकवत राहिले. सरकवता सरकवता किनारा आला. तिथे वाळूवर उपटलेल्या रोपांचा भला मोठा ढीग पडला होता. सगळी लाल.

“ही रे?”

“टाकाऊ. जांभळ्याशेजारी जांभळं लावलं तरी मधूनच असलं साधं लाल निघतं. दुकानात मिळतं तसलं. दिसलं की उपटतो.”

“आईबाप दोघंही जांभळे?”

“दोघंही.”

“मग ह्यांच्यातलं जांभळं गेलं कुठे?”

“आतच कुठेतरी दडून राहिलं असेल?”

हमीर ढिगाकडे बघत राहिला. लाटा येत होत्या, जात होत्या.

मग त्याने एक लाल रोप उचललं, बागेत नेऊन लावलं. त्याच्या जवळ दुसरं.

“यातून येईल निळं?”

बुवा उठले. कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची गवसणी काढली, तो हमीरच्या पुढ्यात आणून ठेवला आणि म्हणाले,

“आधी पाणी घाल.”