वैजूचा पाहुणा आणि केरबाचा टोफू

एका ओढ्याकाठच्या गावात एक भोळा भाऊ होता. नाव केरबा. त्याला एकदा सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही, आणि त्याच्या बहिणीची सगळी डोकेदुखी तीच होती.

बहीण वैजू. आईवडील नव्हते, घरात ही दोघंच. वैजूला बघायला संदेश नावाचा मुलगा येणार होता. थायलंडात नोकरी करून आलेला, देखणा, बोलायला गोड. मैत्रिणीच्या लग्नात त्याला पाहिल्यापासून वैजूच्या मनात तोच होता. भानगड एकच होती. दूध, तूप, अंडं, मटण, जनावराकडून आलेलं तो काहीच खात नव्हता. निरोप आला होता, "तिकडच्यासारखं साधंच करा. नूडल्स, सूप, टोफू."

"बैलानं नांगरलेल्या रानातला भात चालतोय का त्यास्नी?" केरबानं विचारलं.

"चालतोय. तू गप ऱ्हा."

वैजू दिवसभर अंगणवाडीत. म्हणून रंगीत तालीम केरबाकडं आली.

आधी नूडल्स. त्या त्यानं इतक्या शिजवल्या, की पातेलं उलटं केलं तरी खाली पडेनात. वैजूनं कपाळाला हात लावला.

"दादा, शिजलं की चाळणीत वतायचं. पाणी मोरीत सोडायचं. वर गार पाणी मारून धुवायचं."

"आलं ध्यानात. आता चुकायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी सूप. आलं, लसूण, गाजर, कोबी, सगळं झकास उकळलं. घरभर वास सुटला. मग केरबानं ते चाळणीत ओतलं, पाणी मोरीत सोडलं आणि भाज्या खळखळून धुतल्या.

"सूप कुठाय?" वैजूनं विचारलं.

"मोरीत."

"आरं देवा! पाणीच तर पायजे! पाणी जपायचं, चोथा म्हशीला घालायचा!"

"आलं ध्यानात. आता चुकायचा न्हाई."

मग टोफू. घरचंच सोयाबीन भिजवलं, वाटलं, त्याचं दूध काढून उकळलं, लिंबू पिळलं. पांढराशुभ्र चोथा वर आला. केरबाला क्षणभर वाईट वाटलं, पण बहिणीचा शब्द मोडवेना. त्यानं पाणी कळशीत जपून ठेवलं आणि टोफू म्हशीला घातला. म्हशीनं वैरण सोडून तो खाल्ला.

वैजू रडकुंडीला आली. "उद्या ते येणार, आन् माझं लगीन तू म्हशीला घातलंस!"

"न्हाई गं. टोफू घातला."

"नीट ऐक. ज्यात पाणी मुरलंय ते फडक्यात गच्च बांधायचं. वर जड कायतरी ठेवायचं. पाणी निथळून घट्ट झालं, की चौकोनी तुकडं करायचं."

"आलं ध्यानात. आता चुकायचा न्हाई."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी केरबानं कमाल केली. नूडल्स सुटसुटीत. सूप पातेल्यात. टोफूचे तुकडे तिळाच्या तेलात खरपूस परतलेले, वर शेंगदाण्याची चटणी. वैजूच्या जिवात जीव आला. ती आत साडी नेसायला गेली.

तेवढ्यात दारात संदेश उभा. ओढा ओलांडताना मोटारसायकल घसरली होती. बिचारा डोक्यापासून पायापर्यंत ओलाचिंब. शर्टातून पाणी गळत होतं.

"जरा पुसायला काही मिळेल का?"

"बसा की. आमास्नी ठावं हाय काय करायचं ते."

केरबानं मोठी चादर आणली आणि पाहुण्याभोवती गुंडाळली. पाहुण्याला वाटलं, काय माया आहे! दोन वेढे झाले तरी त्याला तसंच वाटत होतं. गाठ बसल्यावर मात्र शंका आली.

"अहो, माझे हात..."

"हलू नगा. आकार बिघडंल."

केरबानं त्याला पडवीत आडवं निजवलं. टोफूवर पाटा पुरला होता, पण हा ऐवज मोठा. म्हणून सोयाबीनचं भरलेलं पोतं आणून वर ठेवलं.

साडीच्या निऱ्या सावरत वैजू बाहेर आली. "दादा, पाव्हणं आलं न्हवं?"

"आल्यात. निथळाय ठेवल्यात."

पोत्याखालून बारीक आवाज आला, "मला घरी जाऊ द्या हो!"

वैजू मटकन खाली बसली आणि तिनं भोकाड पसरलं.

केरबानं विळी जवळ ओढली आणि तिची समजूत काढली. "रडतीस कशाला? अजून मऊ हैत. घट्ट झाल्याबिगर तुकडं करणार न्हाई मी."