कासारणीच्या जाळीवरच्या बांगड्या

स्टेशनात उतरलात की फाटकाच्या अलीकडे डाव्या हाताला बैलगाडीची वाट आहे. ती भातशेतांच्या बांधावरून जाते, ओढा ओलांडते आणि सरळ डोंगराला लागते. सकाळच्या पॅसेंजरने आलेला माणूस दहा-साडेदहाला खिंडीत पोचतो. खिंडीच्या तोंडाशी वाट एका माणसापुरतीच उरते. तिथे करवंदीची मोठी जाळी आहे आणि तिच्या काट्याकाट्याला काचेच्या बांगड्या अडकवलेल्या आहेत. बहुतेक हिरव्याच. जुन्या विटून पांढुरक्या झाल्यात, नव्या उन्हात चमकतात.

शहरातली माणसं तिथे आली की बूट काढतात आणि हात जोडतात. एक बाई तर घरून नारळ घेऊन आली होती. मी तिला तो परत पिशवीत ठेवायला लावला. ही देवी नाही. इथे नवस बोलायचा नाही, मागायचं काही नाही. हे आमच्या उंबरखोरीच्या लाजेचं ठिकाण आहे. जो या वाटेने जाईल त्याला ती लाज सांगायची, असा आमचा रिवाज आहे. फोटो काढा, पण आधी ऐका.

आगगाडी नव्हती तेव्हाची ही गोष्ट. कोकणातलं मीठ घोड्यांवर लादून याच खिंडीतून वर पठारावर जायचं. वाट अवघड, त्यात आषाढापासून नवरात्रापर्यंत धुकं. म्हणून परक्या माणसाला वाटाड्या लागायचा आणि वाटाडे असायचे आमच्या वाडीचे ठाकर. त्यांतला गोमा निरगुडा सगळ्यांत तेज होता, असं सांगतात. ऊन डोक्यावर यायच्या आत तो माणसं पठारावर नेऊन पोचवायचा. त्याला त्याचा फार तोरा होता. मी त्याच निरगुड्यांच्या घरात दिलेली आहे, म्हणून सांगतेय. दुसऱ्याच्या घरची लाज मी अशी चव्हाट्यावर मांडली नसती.

त्याच काळात साळू नावाची एक म्हातारी कासारीण होती. गौरी यायच्या आधी ती खालच्या गावांतल्या बायकांना बांगड्या भरत भरत वर जायची आणि शेवटी पठारावरच्या लेकी-सुनांना भरायची. डोक्यावर मोठी टोपली, पाठीला बांगड्यांच्या माळा. तिची एक रीत होती. ठरलेल्या बांगड्या भरून झाल्या की एक बांगडी ती आपल्याकडून जास्तीची भरायची. कुणी नको म्हटलं तरी भरायची. "ती माझी," म्हणायची, "तिचं मला काही द्यायचं नाही."

एका भाद्रपदात पाच मीठवाले घोडे घेऊन वाडीत आले. लांबचे होते, वाट ठाऊक नव्हती. गोमा त्यांना न्यायला तयार झाला. साळूलाही वर जायचं होतं. ती म्हणाली, मीही येते सोबतीनं. गोमा हो म्हणाला.

निघायच्या सकाळी साळू गोमाच्याच ओटीवर बसली होती. गोमाची लेक नावशी गौरी झाल्यावर सासरी जायची होती, तिला बांगड्या भरायच्या होत्या. पोरीचे हात नांगरट-लावणी करून कडक झालेले, बांगडी काही चढेना. मीठवाले अंगणात खोळंबले. धुकं खाली यायला लागलं. दमट हवेत मीठ पाघळतं, म्हणून त्यांचा जीव वर-खाली होत होता.

"आटप गं म्हातारे," गोमा ओरडला. "मीठ वर जाईस्तो त्याचं पाणी होईल."

"पोरीचा हात आहे हा, बैलाचा खूर नाही," साळू म्हणाली. "तुझ्यासारखा दामटून कसा भरू?"

सगळे हसले, मीठवालेसुद्धा. गोमा हसला नाही. साळूने ठरलेल्या बांगड्या भरल्या, मग आपली जास्तीची एक भरली आणि तेव्हाच उठली. उशीर झाला तो असा. गोमाच्या घरात आणि गोमाच्या लेकीपायी झाला. हे लक्षात ठेवा.

चढ लागला तसा गोमा पुढे सुटला. मागोमाग घोडे, घोड्यांमागे मीठवाले, आणि सगळ्यांत मागे टोपली घेतलेली म्हातारी. खिंडीपाशी धुकं इतकं दाट झालं की पुढच्या घोड्याचं शेपूट दिसेना. तेवढ्यात मागून हाक आली.

"नावशीच्या बापा! थांब रे!"

शेवटचा मीठवाला थबकला. "वाटाड्या, म्हातारी हाका मारतेय वाटतं."

आता आमच्यात एक समजूत आहे. धुक्यात मागून हाक आली तर ओ द्यायची नाही. तो चकवा असतो, ओ दिली की वाट भुलवतो आणि कड्यावर नेतो. जुनी माणसं अजून मानतात. गोमाने तेच पुढे केलं. म्हणाला, "चकवा आहे तो. मागं बघू नका. चला."

परकी माणसं बिचारी. त्यांनी घोडे हाकले. हाक दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली, मग लांब गेली.

पठारावर पोचल्यावर गोमाने चिलीम ओढली. ती संपली तरी म्हातारी आली नाही. मीठवाले पुढच्या बाजाराला गेले. गोमा दुसऱ्या वाटेने खाली उतरला. वाडीत बायकांनी विचारलं, कासारीण पोचली का? तो म्हणाला, पोचली. आणि वर आणखी म्हणाला, खिंडीत आज चकवा फिरतोय, चार दिवस कुणी तिकडे जाऊ नका.

त्याची एकट्याची गोष्ट इथवर आहे. इथून पुढची सगळ्या वाडीची आहे.

त्याच दिवशी दुपारी गवताला गेलेल्या बायकांना खिंडीकडून आवाज आला म्हणे. काचेच्या बांगड्या वाजत होत्या. खळखळ वाजायच्या, थांबायच्या, परत वाजायच्या. बायका भारे तिथेच टाकून घरी पळाल्या. दुसऱ्या दिवशी गुराख्यांनीही तोच आवाज ऐकला आणि गुरं वळवून आणली. संध्याकाळी वाडीत सगळे त्याच गोष्टी बोलत बसले, चकव्याने यंदा बाईचं सोंग घेतलंय म्हणून. कुणी तीन दिवस वाजत होत्या म्हणतं, कुणी दोन. मी दोनच सांगते. दोनसुद्धा खूप झाले.

मग आवाज बंद झाला.

गौरी आल्या आणि गेल्या. त्यानंतर पठारावरचे दोघे जण खाली आले. "आमची कासारीण कुठं अडकली?" त्यांनी विचारलं. "आमच्या पोरी गौरीला भुंड्या हातांनी बसल्या."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि सगळ्या उठून खिंडीकडे निघाल्या. मागून पुरुष.

ती जाळीच्या खाली होती. पाय घसरून मोडला होता. टोपली तिने फडक्याने घट्ट बांधून वरच्या फांदीला अडकवली होती, आतली एकही बांगडी फुटलेली नव्हती. हातात बांगड्यांची एक माळ होती. ओरडून घसा बसल्यावर तीच ती हलवत राहिली असणार. वाडी तिथून हाकेच्या अंतरावर आहे. तुम्ही स्वतः उभं राहून बघा, आमच्या घरांची कौलं दिसतात.

नावशीही आली होती. तिने बापाकडे पाहिलं.

"बा, चकवा व्हता ना?"

तिने परत विचारलं.

"बा, तुला कळलं व्हतं का?"

तो म्हणाला, "नावशीच्या बापा, म्हणाली. चकव्याला तुझं नाव कुठनं ठावं? आन् बांगड्या वाजत व्हत्या. मला कळलं व्हतं. वाटलं, यील मागनं."

सगळ्या वाडीसमोर म्हणाला. एवढं मात्र त्याने केलं.

नावशीने डाव्या हातातली साळूची जास्तीची बांगडी काढली. भरताना लागला नव्हता इतका वेळ काढताना लागला, हात सोलवटला, पण तिने ती फुटू दिली नाही. जाळीच्या काट्याला अडकवली आणि म्हणाली, "ही आपली न्हाई. आपण ही घालायची न्हाई." मग बापाला म्हणाली, "आन् आजपासनं तू मागनं चालायचं."

गोमा मागून चालला, मरेपर्यंत. त्याच्यानंतर त्याचा मुलगा आणि मग त्याची मुलं. पुढे आगगाडी आली, मिठाचे घोडे गेले, आणि आता तुम्ही पाठीवर पिशव्या घेऊन हवा खायला येता. वाटाडे आम्हीच आहोत. आता बायकासुद्धा नेतात माणसं, मी नेते. तुम्हाला नवल वाटतं की मावशी पुढे का नाही, वाट कशी कळणार? वाट मी मागून ओरडून सांगते. सगळ्यांत हळू चालणारा पुढे, मी सगळ्यांच्या मागे.

हे सगळं ठाऊक असून काय झालं तेही सांगते. गेल्या मार्गशीर्षात बारा जण आले होते. त्यांना चारची गाडी गाठायची होती. "मावशी, प्लीज पुढे व्हा, तुम्ही पुढे असलात की सगळे पटापट उतरतील." मी पुढे झाले. एक बाई गुडघा दुखतोय म्हणून मागे राहिली होती. जाळी ओलांडली आणि मागून तिची हाक आली, "मावशी, थांबा ना!" मी ऐकली. स्वच्छ उजेड होता, धुक्याचं निमित्तही नव्हतं. मनात आलं, येईल मागून. आणि मी चालले. तीन पावलं, फार तर चार. मग थांबले, परत गेले, तिला हाताला धरून उतरवलं. तिला काही झालं नाही आणि ती मला धन्यवाद म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना. गोमाला आता मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू? चारची गाडी आमच्या डोळ्यांसमोर गेली. बारा जण माझ्यावर चिडले. चिडू दे.

आजही उंबरखोरीच्या पोरीला लग्नात बांगड्या भरतात तेव्हा एक जास्तीची भरतात, आणि पोर ती काढून स्वतः खिंडीत आणून अडकवते. त्यानंतरही आमच्या बायका डाव्या हातात उजव्यापेक्षा एक बांगडी कमीच घालतात, माझाही हात बघा. वारा आला की जाळी वाजते आणि खाली वाडीत ऐकू येतं. ऐकू आलं की हातातलं काम टाकून कुणीतरी वर येऊन बघून जातं. दर वेळी वाराच असतो, तरी येतं.

आणि उतरताना तुम्हाला मागून हाक आली तर ओ द्या. गाडीची शिटी झाली असली तरी द्या. चकवा असला तर असू दे, ओ द्या.