दारावरचा डायोड

बऱ्याच वर्षांपूर्वी एका टेकडीवर एक दुर्बीण होती. ताऱ्यामागे तिला हळूहळू फिरवायला मोटर होती, मोटरला कसं फिरायचं ते सांगायला एक इलेक्ट्रॉनिक कार्ड होतं आणि बॅटरीची वीज ज्या दारातून येई, तिथे एक छोटा डायोड बसलेला असे. तो विजेला एकाच दिशेनं आत सोडी आणि सोडताना तिच्यातला थोडा जोर स्वतःकडे ठेवी.

"पहारेकरी म्हणे. आमच्याच ताटातला घास खातो," मोटर कुरकुरे.

एका संध्याकाळी शनी पाहायला गावातली माणसं जमली. घाईत दुर्बीण सांभाळणाऱ्या भार्गवीताईंनी बॅटरीचे लाल-काळे चिमटे उलटे लावले. वीज दाराशी आली. डायोडनं तिला अडवलं.

"अरे, मी कालचीच. ओळखत नाहीस?"

"ओळखतो. पण आज तू उलट्या वाटेनं आलीस."

दुर्बीण हलेना. माणसं कुजबुजू लागली.

"चारचौघांत लाज घालवलीस," मोटर म्हणाली. "सोड तिला."

"मोटरबाई, याच्या आधीचं कार्ड आठवतं ना तुम्हाला? तेव्हा दाराशी कुणी नव्हतं."

मोटरला आठवलं. असेच चिमटे उलटे लागले होते आणि ते कार्ड बोलता बोलता जळून गेलं होतं.

तेवढ्यात ताईंचं लक्ष चिमट्यांकडे गेलं. त्यांनी ते बदलले. डायोडनं वाट दिली, वीज आत आली आणि दुर्बीण शनीकडे वळली.

"कार्डा, तू एवढ्या वेळात एक शब्द बोललं नाहीस. भीती नाही वाटली?" मोटरनं विचारलं.

"कशाची?" कार्ड ताठ मानेनं म्हणालं. "माझ्या दारावर हा आहे."