लोंबती वायर

कोल्हापुरातल्या एका गेमिंग क्लबच्या भिंतीवर कप्तान शार्दूल इनामदारांनी फर्मान चिकटवलं: 'ज्याच्याकडे वायरचा स्वस्त हेडसेट असेल, त्याने फायनल विसरावी. संघाला शोभत नाही.'

रेवती चौगुलेचा हेडसेट नेमका तसाच होता. ती म्हणाली, "दादा, आधी पारखून तरी बघा. कान घामेजतात, हे कबूल. पण शत्रूची पावलं कुठून येतात, ते नेमकं कळतं."

"लोंबती वायर ती लोंबतीच!" कप्तान हसले.

सराव ऐन रंगात आला आणि कप्तानांचा महागडा वायरलेस हेडसेट मुका झाला. बॅटरी संपली होती. ते घाईघाईने चार्जरची वायर शोधू लागले.

रेवतीने ती शांतपणे त्यांच्या हातात ठेवली. "वायर दोघांनाही लागते, दादा. मी ती खेळाआधी लावते, एवढंच."

कप्तान उठले आणि त्यांनी स्वतःच फर्मान उतरवलं.