दोराला आधी कोण लटकणार?

एक होता राजा, आणि त्याच्या गावात सगळे दोर वळायचे. घायपाताचा वाख, म्हणजे पानांतले धागे, हौदात भिजवायचा, बडवायचा, त्याचे पेड करायचे, पेडांना पीळ द्यायचा. आणि दोर झाला की ज्यानं वळला त्यानंच तो धरून विहिरीत लटकायचं! रीतच होती तशी, बरं का. लटकल्याशिवाय दोर बाजारात जायचा नाही. त्यामुळे तुटलेला दोर त्या गावात कुणी पाहिलाच नव्हता. पोरं तर दिसेल त्या दोराला झोके घ्यायची.

कामावर देखरेख भिवराबाईची. ती भलती रागीट.

मग एकदा काय झालं, नदीपल्याडच्या गावानं स्वस्त दोर विकायला काढले. राजा हबकला. म्हणाला, "भिवराबाई, लटकणं बंद. फार वेळ जातो." मग म्हणाला, "चार पेडांचे तीन करा." मग म्हणाला, "वाख एवढा भिजवता कशाला? अर्धाच भिजवा."

दर खेपेला भिवरा तणतणायची. "महाराज, हे दोर की शेवया?"

दर खेपेला राजा हसायचा. "तुम्हाला बाजारातलं काय कळतंय!"

मग ती दातओठ खात कामाला लागायची.

लटकणं बंद झालं, तशी दोर तुटून विहिरीनं पोहरा गिळला. पेड कमी झाले, तशी मोट गिळली. आणि मग भिवराची लेक तानी विहिरीवरच्या नव्या दोराला झोका घ्यायला गेली. सवयच ती! दोर तुटला तटकन, पोरगी धपकन आत. नशीब, कपारीवर अडकली. "आई गं!"

भिवरा धावली. राजा धावला. मागून दोरांची गाडी आली. "घ्या, हवे तेवढे घ्या!"

"यातल्या कुठल्या दोराला माणूस लटकलंय?" भिवरा कडाडली.

मग विहीरच घुमली, "पोर देईन. पण ज्यानं हुकूम सोडला, त्याला आधी खाली पाठव."

राजा दोन पावलं मागं सरला. "मी?"

"मग कोण, मी?" भिवरा म्हणाली. "सांगा महाराज, वाख अर्धा भिजलेला घेऊ की पुरता?"

"पुरता! पुरता! आणि पेड चार घाला. नको, पाच घाला!"

हौदाच्या तळाशी जुना, पुरता भिजलेला वाख उरला होता. राजानं फेटा भिरकावला आणि स्वतः वळायला बसला. समोरून भिवरा पीळ देत होती. आतून तानी रडत होती, आणि जितकं ती रडे तितका भिवराचा हात कडक होई. असा पीळ बसला, असा बसला, की दोर चक्क गुरगुरायला लागला!

मग राजा देवाचं नाव घेत खाली उतरला आणि तानीला पाठुंगळी मारून वर आला. भिवरानं लेकीला कवटाळलं. राग गेला म्हणता? छे! लेकीच्या डोक्यावरनं ती राजाकडे बघून म्हणाली, "यापुढं हुकूम तुमचा, तर पहिला झोकाही तुमचा."

मग रोज सकाळी राजा लटकायला लागला. पल्याडचे दोर स्वस्तच राहिले, पण तिथलं कुणी लटकत नव्हतं ना! गिऱ्हाईक मुकाट परत आलं. तानी मोठी झाली, सगळे सुखानं नांदले. राजा म्हातारा झाला, तरी लटकतोय.

चला, पाय पोटाशी घ्या. घाबरू नका रे, बाळाच्या पाळण्याच्या दोराला मी दुपारीच लटकून पाहिलंय. मिटा डोळे.